खिडकीतून कसं दिसतं

प्रिय डिंके,

नाही, तुझं सामान अजून पाठवलेलं नाही. आणि का नाही पाठवलं, म्हणून कोणी कारणं शोधत बसू नये. माझे हातपाय धड आहेत, टेम्पोवाला कोपऱ्यावरच उभा असतो, दोरीसुद्धा आणून ठेवलीय. पहिलं खोकं भरलं तर त्याचा तळच सुटला आणि तुझी पातेली माझ्या पायावर. दुसरं खोकं खालच्या शिंप्याने दिलं, त्यात हात घातला तर निम्मं सुयांनी भरलेलं. म्हटलं मरू दे, उद्या बघू. असे उद्या बरेच झाले. पोराचा फोन आला तेव्हा मी त्यालाच झापलं, की तुझ्या आईचा एवढा पसारा काय एका दिवसात आवरतो का रे? खरं तर तुझा पसारा म्हणजे एक ट्रंक, दोन पातेली, चार पांघरुणं आणि ती डुगडुगणारी खुर्ची. एका दुपारचं काम. तुलाही ते माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

आता पत्र कशाला, फोन नव्हता का, तर फोन आहे. चांगला चालतो. पण तुमच्या घरातला फोन म्हणजे सभा असते. तू, पोरगा, सूनबाई, नात, सगळे एकदम. मी विहिरीत पडलेय आणि तुम्ही सगळे काठावर वाकून मला हाका मारताय असं वाटतं. जेवलात का, हो जेवले. तब्येत कशी, बरी आहे. संपलं. त्यात तुझा आवाज तर असा येतो, जणू तू कोणाच्या घरी पहिल्यांदाच चहाला गेलीयेस. म्हणून म्हटलं, लिहावं. माझं अक्षर तुला लागतं, बाकी कोणाला लागत नाही, हे एक बरं आहे.

इकडचं सांगते. वरच्या मजल्यावरची नवी सून रोज सकाळी गाणं म्हणते, वाईट म्हणते. नळाला पाणी ठीक आहे. घरमालकीण जिना धुवायला आता माणूस लावते. तू पडलीस त्यानंतर तिला अक्कल आली, म्हणजे तुझ्या पायाचा कोणाला तरी उपयोग झाला. परवा मला अडवून म्हणाली, त्या ताई परत येणार का हो, की आता मुलाकडेच? मी म्हटलं, मला काय विचारता, मी काय त्यांची वकील आहे? पण प्रश्न बरोबर आहे तिचा. पोरगा तुला उचलून घेऊन गेला तेव्हा म्हणाला होता, मावशी, पाय बरा होईपर्यंत. पाय बरा झाला. आता म्हणतो, आई इथेच राहू दे कायमची, सामान पाठव. तू हो म्हणालीस की नुसती मान हलवलीस, ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सभेत काय उत्तर देणार होतीस, ते मला पाठ आहे.

औषधाच्या दुकानदाराने नवं कॅलेंडर दिलं. खिळ्याला लावलं. बर्फाचे डोंगर, खाली तळं, तळ्यात परत तेच डोंगर उलटे. आणि चित्राच्या खाली काही लिहिलेलंच नाही! नुसता औषधवाल्याचा नंबर. मी सकाळी चहा घेताना त्याच्यासमोर उभी राहते आणि मला चीड येते. आपल्या वेळी, आपल्या कॅलेंडरच्या छापखान्यात, असं पान मशीनवर चढलं असतं का? तू चढू दिलं असतंस का?

तुला आठवत असेलच, तरी लिहिते, कारण हल्ली माझ्याशी हे बोलायला कोणी नाही. ते लांब टेबल. या टोकाला मी, कापायच्या मशीनवर, त्या टोकाला तू, डिंकाचं भांडं आणि ब्रश घेऊन. सगळा छापखाना आपल्याला कात्री आणि डिंक म्हणायचा, खरी नावं पगाराच्या दिवशीच ऐकू यायची. चित्रं यायची पाकिटातून, कुठल्या देशातली, कुठल्या गावची, आणणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. गावाचं नाव नाही, मग खाली छापायचं काय? मालकाने तोड काढली. दोन शब्द जुळवून घेतले, नयनरम्य आणि रमणीय. त्यांचे कागद छापून यायचे, मी पट्ट्या कापायची, आणि बिस्किटांच्या दोन रिकाम्या डब्यांत भरून तुझ्यापुढे सरकवायची. मालकाचं म्हणणं साधं होतं. बाई, हाताला येईल ती पट्टी लावा, दोन्हीचा अर्थ एकच. मलाही तेच वाटायचं. मी शाळा चौथीत सोडली, माझ्यासाठी दोन्ही शब्द म्हणजे छान. छान लिहा आणि मोकळे व्हा.

पण तू कसली मोकळी होतेस! एकेक चित्र पुढ्यात घेऊन अशी बसायचीस, की जणू मुलगा बघायला आलाय आणि तुला त्याच्या घराण्याची माहिती हवीय. माझी मशीन खोळंबलेली. मी तिकडून ओरडायची, अगं डिंके, डिंक वाळला, तू पण वाळशील. तू म्हणायचीस, थांब गं, आत जाऊन येते. आत म्हणजे चित्रात! फोरमन तर म्हणायचा, बाईंना रजा देऊन पाठवा तिकडे. एकदा मी वैतागून तुला विचारलंच, की काय एवढं बघतेस, फरक तरी काय आहे दोन्हींत? तर तू ब्रश भांड्याच्या काठाला पुसत म्हणालीस, की मी चित्रात जाऊन उभी राहते, हातात बाजाराची पिशवी घेऊन. जिथे पिशवी हातातच राहते आणि नुसते डोळे फिरतात, ते नयनरम्य. जिथे पिशवी आपोआप खाली ठेवली जाते, ते रमणीय. मी म्हटलं, आणि पिशवीत अंडी असली तर? सगळा छापखाना हसला. तूही हसलीस. पण त्यानंतर काय झालं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. पट्ट्या कापताना माझी नजर आपली चित्रावर जायला लागली, आणि तू कुठल्या डब्यात हात घालणार ते मी मनात ओळखायला लागले. बरोबर यायचं, तेव्हा मला उगाच बरं वाटायचं.

आणि ते दोरीवरच्या कपड्यांचं चित्र. नदीचा साधा काठ, पालथी घातलेली एक होडी, दोन झाडं, झाडांना बांधलेली दोरी आणि दोरीवर कोणाचे तरी सदरे. मालक म्हणाला, हे काय, कोणाचं धुणं भिंतीवर लावायचं का लोकांनी? फेका. तू ते चित्र हाताखाली दाबून धरलंस. म्हणालीस, साहेब, कपडे वाळत घातलेत, म्हणजे माणसं परत येणार आहेत. जिथे कोणी परत येणार आहे तिथे लोकांचं मन लागतं. मालक माझ्याकडे बघायला लागला, की हिला काही झालंय का. मी म्हटलं, साहेब, वाद घालू नका, ती कपडे वाळेपर्यंत उठायची नाही. शेवटी दुसरं चित्र मापाला बसेना, म्हणून तेच गेलं. कोणी वाहवा केली नाही, कोणी तक्रारही केली नाही. पण ते पान मी स्वतः कापलं आणि एक जादाचं घरी नेलं. घरी म्हणजे तेव्हा भावाच्या घरी. भावजयीने त्यात बटाटे गुंडाळले.

आता भावाचं घर आलंच आहे तर तेही लिहून टाकते. मी ते कधी बोलले नाही, तू कधी विचारलं नाहीस. तिथे कोणी मला जा म्हणालं नव्हतं. नुसती माझी गादी आधी खोलीतून ओसरीत आली, मग ओसरीतून जिन्याखाली. जिन्याखालून पुढे कुठे जाते ते बघायला मी थांबले नाही. पिशवी भरली आणि कामाला आले. दिवसभर पिशवी मशीनच्या खाली होती. तू बघितलीस. सुटल्यावर तू मला काय झालं विचारलं नाहीस, चल म्हणाली नाहीस, काही नाही. तू माझी पिशवी उचललीस आणि चालायला लागलीस. मी मागून. रस्ताभर तू मला फोरमनच्या नव्या बुटांबद्दल सांगत होतीस. लोक उपकार करतात ना, ते आधी बसवतात, पाणी देतात, डोळे पुसतात, मग चार जणांना सांगतात. तू नुसते बूट सांगितलेस. त्या दिवशी कोणी माझ्याशी गोड बोललं असतं, तर मी तिथेच रस्त्यावर बसले असते.

आणि खोली ही. हीच, जिथे बसून मी आत्ता लिहितेय. त्यात तू आणि गुडघ्याएवढं पोर, त्याचा बाप जाऊन वर्षही नसेल झालं. एक खाट, एक स्टो, आणि खिडकी उघडली की टायरवाल्याच्या गोदामाची भिंत. हात बाहेर काढला तर लागेल. भिंतीवर एक गंजका पाइप आणि पाइपाच्या सांध्यातून उगवलेलं कसलंसं झाड. मी खाटेच्या कडेवर बसून राहिले, पिशवी मांडीवर. रात्री तीच उशाला. असे कितीतरी दिवस मी कपडे पिशवीतूनच काढायची, पिशवीतच ठेवायची. तू काही म्हणाली नाहीस. पोरगा मात्र एकदा माझ्यासमोरच तुला म्हणाला, आई, ही बाई जाणार कधी? तू कणीक मळत होतीस, मान वर न करता म्हणालीस, ती बाई नाही, मावशी आहे. मावशी जात नसते. पोराने ऐकलं आणि खेळायला गेला. एवढ्यावर मिटलं. डिंके, माझ्या आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं काही असेल, तर ते कणकेच्या हाताने दिलेलं ते उत्तर. त्या एका उत्तरात मला घर मिळालं आणि पोरगाही मिळाला. नाहीतर माझ्यासारख्या तुसड्या बाईला कोण मावशी म्हणणार होतं? पुढे त्याला शाळेत सोडायला मी, मार द्यायला मी, आणि मार दिल्यावर जवळ घ्यायला तू. बरी वाटणी होती.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी मी कामावरून आले तर खिडकीच्या चौकटीखाली छापखान्यातली पट्टी चिकटवलेली. रमणीय. समोर टायरवाल्याची भिंत, आणि खाली रमणीय! मी इतकी हसले, इतकी हसले, की खालून शिंप्याने काठीने छत ठोकलं. मग हसता हसता पिशवी रिकामी केली, आणि तू फळीवरची अर्धी जागा आधीच मोकळी केलेली होतीस ते तेव्हा दिसलं. आता टायरवाल्याने भिंतीला गुलाबी रंग दिलाय. भयंकर दिसतो. झाड मात्र ठेवलं त्याने, त्याच्याभोवतीने रंग मारला.

आता तुझ्या तिकडच्या खिडकीचं. मी आले होते ना गेल्या महिन्यात, ते उगाच नाही, तुझं बघायला आले होते. घर सुंदर आहे. खोटं कशाला बोलू. अख्खी भिंतच काचेची, समोर डोंगर, मध्ये पाणी, संध्याकाळी सगळं सोनेरी. मी तर तोंड उघडं टाकून उभी होते. आणि सूनबाई चांगली आहे, हे मी कोणापुढेही सांगीन. आमच्या वेळी अशी माणसं नव्हती. तुझी औषधं वेळेवर, तुझी खुर्ची उन्हात, पाठीला उशी. तू उठलीस की लगेच, आई तुम्ही बसा. तू ताट उचललंस की, आई राहू द्या. पोरगा तर तुला डोळ्यात तेल घालून जपतो. वाईट असते ना ते, तर सोपं होतं. भांडून तुला घेऊन आले असते. पण चांगल्या माणसांशी भांडायचं कसं, ते मला येत नाही.

पण मी दिवसभर तिथे होते आणि तुझ्या हातांकडे बघत होते. आयुष्यात मी ते हात रिकामे पाहिले नव्हते. एक तर ब्रश, नाहीतर कणीक, नाहीतर पोराची बटणं. तिथे ते मांडीवर ठेवलेले होते. ठेवलेले! जसे कोणीतरी आणून ठेवले असावेत. आणि दुपारी तुला तहान लागली, तर तू सूनबाईला विचारलंस, मी जरा पाणी घेऊ का? स्वतःच्या मुलाच्या घरात, डिंके. तिने धावत आणून दिलं, गोड हसून. तू घोट घेतलास आणि डोंगराकडे बघायला लागलीस. मी तेव्हाच काही बोलणार होते. मग म्हटलं, आपलं नाक सगळीकडे खुपसू नये, नवी जागा आहे, हळूहळू रुळेल. माणूस कुठेही रुळतं. आणि मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, म्हातारीला एकटं राहवत नाही म्हणून दुसरीचं सुख बघवत नाही. तसं नाहीये. मला एकटं राहता येतं. दोन माणसांचा चहा होतो रोज, तेवढी एक सवय जात नाही, बाकी काही नाही. शिंपी पितो उरलेला.

मग गेल्या रविवारी सभेचा फोन झाला. मी असंच विचारलं, काय गं, कसं वाटतंय तिकडे? आणि तू म्हणालीस, खिडकीतून अगदी नयनरम्य दिसतं हो. पोरगा मागून खूश होऊन म्हणाला, बघ मावशी, आईला आवडलंय! नात टाळ्या वाजवत होती. मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. दूध नव्हतंच गॅसवर.

डब्यांवर डबे रिकामे केलेस तू त्या दोन शब्दांचे, आणि एकदाही चुकीच्या डब्यात हात घातला नाहीस. म्हणून मी हे पत्र लिहितेय. बाकी सगळं नमनाला घडाभर तेल होतं. आता नीट वाच. तुझ्या तोंडून सहज गेला असेल तो शब्द, तर गेला, माझा काही हट्ट नाही. नयनरम्य म्हणजे काही वाईट नाही, तूच सांगायचीस, जावं, डोळे भरून बघावं, आणि यावं. पण येत्या रविवारी सभा भरली की मी सगळ्यांसमोर तुला परत विचारणार आहे, खिडकीतून कसं दिसतं. तू एकच शब्द सांगायचा. रमणीय म्हणालीस तर सोमवारी सकाळी सामान टेम्पोत, खुर्चीसकट, आणि माझ्या मनात तिळाएवढा राग नाही. त्या घरात तू सुखात राहा. आणि मागच्या वेळचाच शब्द म्हणालीस, तर मी बुधवारी तिथे येते. पोराला काय सांगायचं, सूनबाईला न दुखवता कसं सांगायचं, ते सगळं माझ्यावर सोड, तू एक अक्षर बोलू नकोस. त्याचे कान मी लहानपणी धरलेत, अजून हाताला येतात. तिसरा शब्द शोधू नकोस, छान म्हणू नकोस, चाललंय म्हणू नकोस. आणि मला स्वतःला कुठला शब्द ऐकायचाय, ते विचारायचं नाही. विचारलंस तरी सांगणार नाही. झालं, यापुढे काही लिहायचं नाही मला.

तुझीच,
कात्री